दोन गुणांची दलाली

वर्षभर वर्गात उभे राहून शिकवले, तर 2 गुण. एक शोधनिबंध छापून आणला, तरी 2 गुण. महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 18 जुलै 2018 च्या नियमावलीत जो तक्ता दिला, त्यातला हा हिशेब आहे. शिकवण्याच्या अनुभवाचे जास्तीत जास्त 10 गुण, निबंधांचे जास्तीत जास्त 6. निबंध तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या किंवा आयोगाच्या यादीतल्या नियतकालिकात आलेला असावा, एवढीच अट. तो निबंध कोणी वाचला का, त्यात नवे काय सापडले, त्यातले लेखन उमेदवाराचे स्वतःचे आहे का, हे विचारणारा रकाना त्या तक्त्यात नाही. आणि असा निबंध छापून देण्याचा बाजारातला भाव दीड-दोन हजार रुपये आहे, हे या राज्यातल्या स्टाफरूममध्ये बसणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. शिक्षकाने वर्षभर घसा कोरडा केला त्याची किंमत दोन हजारांच्या पावतीएवढी! याला आम्ही धोरण म्हणणार नाही. ही विद्येच्या दारात मांडलेली दलाली आहे, आणि ती सरकारी मोहर लावून मांडलेली आहे.

बारामती तालुक्यातल्या कन्हेरीच्या शेतकऱ्याला या नियतकालिकांच्या भानगडीशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. सगळेच देणेघेणे त्याचे आहे. कन्हेरी, काटेवाडी, पिंपळी, पलीकडे इंदापूर तालुक्यातले सणसर आणि भवानीनगर, या गावांतली पोरेपोरी शिकायला बारामतीत नाहीतर इंदापुरात जातात. 1962 साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले, 1972 साली विद्या प्रतिष्ठान उभे राहिले आणि या पट्ट्यातल्या घरांत पहिल्यांदा पदवीचा कागद आला. त्या घरांतली पुढची पिढी आज एम.ए., एम.एस्सी. होऊन, सेट-नेट पास होऊन, तासिका तत्त्वावर शिकवते आहे. जून उजाडला की नेमणूक मिळेल की नाही याची धास्ती, मिळाली तर मानधन कधी जमा होईल याची वाट. बापाने उसाच्या बिलातून फी भरली, सोसायटीचे कर्ज पुढच्या हंगामावर ढकलले, पोराला शिकवले. आता त्याच बिलातून निबंध छापण्याचे पैसे काढावे लागतात. का? कारण शेजारच्या उमेदवाराने तीन निबंध छापून 6 गुण बांधले आहेत आणि आपले पोर प्रामाणिक राहिले तर मुलाखतीच्या यादीतच येणार नाही.

हा धंदा चालतो कसा, ते उघड सांगितले पाहिजे. नियतकालिकाचे नाव भारदस्त असते: आंतरराष्ट्रीय, बहुभाषिक, बहुविद्याशाखीय. कार्यालय एखाद्या घराच्या पुढच्या खोलीत. मराठीतल्या दलित आत्मकथनांपासून द्राक्षावरच्या भुरीपर्यंत आणि वस्तू व सेवा करापासून योगासनांपर्यंत सारे एकाच अंकात. संपादक मंडळात परदेशी विद्यापीठांची नावे, आणि त्यांतल्या काहींना आपण त्या मंडळात आहोत याचा पत्ताही नसतो. व्हॉट्सअॅपवर संदेश फिरतो, निबंध पाठवा, पैसे पाठवा, स्वीकृतीचे पत्र लगेच मिळेल. ज्या निबंधाची तपासणी दोन जाणकारांनी करायची, त्यांनी शंका विचारायच्या, लेखकाने उत्तरे द्यायची, सुधारून पुन्हा पाठवायचे, त्या कामाला प्रामाणिक नियतकालिकात महिनोन् महिने लागतात. इथे पैसे खात्यावर पडले की तपासणी झाली.

याच्याच जोडीला एकदिवसीय परिषदांचा बाजार आहे. सकाळी दीपप्रज्वलन, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. नोंदणी शुल्कातच विशेषांकात निबंध छापण्याची हमी. व्यासपीठावर ज्या विषयाची चर्चा झाली त्याचा आणि विशेषांकातल्या निबंधांचा मेळ असतोच असे नाही. महाविद्यालयाला मूल्यांकनाच्या अहवालात परिषद दाखवता येते, प्राध्यापकाला निबंध दाखवता येतो, छापणाऱ्याला ठोक गिऱ्हाईक मिळते. ज्ञानाला यातून काय मिळते? काहीही नाही. त्या विशेषांकाची प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाते आणि तिची पाने कोणी उलगडत नाही.

मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांक ठळक छापलेला असतो. तो दर्जाचा दाखला आहे असे हजारो तरुण शिक्षकांना खरोखर वाटते, आणि त्यांचे हे अज्ञान कोणी दूर करत नाही. तो क्रमांक ही फक्त ओळख आहे. कोणत्याही नियतकालिकाला तो अर्ज केल्यावर मिळतो आणि भारतात त्यासाठी पैसेही पडत नाहीत. त्याखाली ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ म्हणून एक आकडा असतो. ही कल्पना युजीन गारफिल्ड यांची. कोणत्या नियतकालिकाचा इतर संशोधक किती आधार घेतात, हे मोजण्यासाठी त्यांनी ती मांडली. आज हा आकडा विकत देणाऱ्या बनावट संस्था निघाल्या आहेत. नियतकालिक त्यांना पैसे देते, त्या त्याला आकडा देतात, तो आकडा पाहून प्राध्यापक नियतकालिकाला पैसे देतो आणि विद्यापीठ तो आकडा पाहून प्राध्यापकाला गुण देते. खोट्याने खोट्याला तारण ठेवून उभी केलेली ही पेढी आहे.

कन्हेरीतली बाई पहाटे दोन लिटर दूध घेऊन संकलन केंद्रावर जाते, तेव्हा तिच्या दुधाचे फॅट आणि एसएनएफ मशीन लावून तपासले जाते. एका पॉइंटचा फरक पडला तरी दर कापला जातो. तिची रोज तपासणी. ज्याच्या सहीने तिच्या मुलाला पदवी मिळणार, त्या माणसाच्या संशोधनाची तपासणी मात्र कोणी एकदाही करायची नाही, ही कसली व्यवस्था?

हे आम्ही हवेत बोलत नाही. या घाणीचे मोजमाप पुण्यातच झाले आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले प्रा. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि त्यांचे सहकारी यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची चिकित्सा केली आणि ती मार्च 2018 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयोगाने 2017 साली जाहीर केलेल्या यादीत देशभरच्या विद्यापीठांनी शिफारस करून घातलेली 5,699 नियतकालिके होती. त्यांतली 1,336 नमुन्यादाखल निवडली. नामांकित सूच्यांमध्ये आधीच असलेली बाजूला काढल्यावर 1,009 उरली. त्यांपैकी 34.5 टक्के नियतकालिकांचा पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे ही साधी माहितीसुद्धा धड नव्हती किंवा चुकीची होती. आणखी 52.3 टक्के नियतकालिकांनी खोटी माहिती दिली होती, म्हणजे चुकीचा आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टरचे खोटे दावे, संशयास्पद सूच्यांत नोंद, नाहीतर संपादकांचीच पात्रता तोकडी. विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या आणि नामांकित सूच्यांबाहेर असलेल्या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

ही नियतकालिके यादीत कोणी घातली? व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवणाऱ्या दलालाने घातली नाहीत. विद्यापीठांनी घातली. कुलगुरू, अधिष्ठाते, अभ्यासमंडळांचे अध्यक्ष, ज्यांच्या नावापुढे डॉक्टर आणि प्रोफेसर लागते त्यांनी घातली. शेकडो नियतकालिकांना पत्ता नाही, संपादक नाही, आणि तरी त्यांच्यासाठी शिफारसपत्रे निघाली. अडाणीपणा म्हणून हे सोडून देता येणार नाही. ज्या माणसाला नियतकालिकाचा पत्ता शोधता येत नाही तो संशोधनाचा मार्गदर्शक होऊ शकत नाही. आणि ज्याला येतो, पण तो शोधत नाही, तो या गुन्ह्यात भागीदार आहे. मे 2018 मध्ये आयोगाने 4,305 नियतकालिके एका फटक्यात यादीतून काढली. पण त्यांची शिफारस करणाऱ्या एकाही कुलगुरूला त्याबद्दल खुर्ची सोडावी लागल्याचे कोणी ऐकले नाही. त्या नियतकालिकांत छापलेल्या निबंधांवर ज्यांना बढत्या मिळाल्या, त्यांच्या बढत्या तशाच राहिल्या. त्या बढत्यांचा पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करातून, आजही जातो आहे.

जगापुढे आपली जी शोभा झाली तीही ऐका. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात जॉन बोहॅनन यांनी एका चाचणीचा वृत्तांत दिला. कर्करोगावरच्या औषधाचा एक बनावट निबंध त्यांनी तयार केला. त्यातल्या चुका अशा होत्या की रसायनशास्त्र शिकलेल्या कोणालाही दिसाव्यात. तो त्यांनी 304 नियतकालिकांकडे पाठवला. 157 जणांनी स्वीकारला. त्यांच्या नमुन्यातल्या भारतीय नियतकालिकांपैकी 64 जणांनी तो घेतला आणि फक्त 15 जणांनी नाकारला. दोन वर्षांनी सेन्यू शेन आणि बो-क्रिस्टर ब्यॉर्क या संशोधकांनी हिशेब मांडला, की 2014 या एका वर्षात अशा लुटारू नियतकालिकांतून जगभर सुमारे 4 लाख 20 हजार लेख छापले गेले आणि त्यांच्या लेखकांपैकी सुमारे 35 टक्के भारतातले होते. हैदराबादेतल्या ओमिक्स या प्रकाशन कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने संशोधकांना फसवल्याबद्दल खटला भरला आणि 2019 च्या मार्चमध्ये तिथल्या न्यायालयाने 5 कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल तिच्याविरुद्ध दिला. धंदा आमच्या देशात उभा राहिला, आमची पोरे त्याची मोठी गिऱ्हाइके, आणि फसवणूक म्हणून त्याला न्यायालयात खेचायला मात्र परदेशातली सरकारी यंत्रणा लागली. आमचे आयोग तोवर याद्या करत बसले होते.

आता यादीची पुढची कहाणी. 4,305 नावे कापल्यावर आयोगाने ‘केअर’ नावाची नवी व्यवस्था आणली. तिची तपासणीची जबाबदारी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या प्रकाशन-नीतिमत्ता केंद्राकडे आली आणि जून 2019 मध्ये यादी खुली झाली. ज्या विद्यापीठाशी बारामती-इंदापूरची महाविद्यालये संलग्न आहेत, त्याच विद्यापीठाच्या अंगणात साऱ्या देशाची चाळणी बसली होती. त्या चाळणीत दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. नियतकालिकांना महिनोन् महिने ताटकळावे लागे. भारतीय भाषांतल्या चांगल्या नियतकालिकांवर अन्याय झाल्याच्या तक्रारी होत्या. यादीत नाव आले की काहींनी दर वाढवले, अंकाची जाडी वाढवली आणि पूर्वीच्या पापाला नव्याने सुरुवात केली. काही भामट्यांनी तर यादीतल्या नियतकालिकांची हुबेहूब नक्कल करून त्याच नावाने पैसे गोळा केले. हे सगळे खरे. पण चाळणीला भोके पडली म्हणून चाळणी फेकून द्यायची आणि धान्य खड्यांसकट पोत्यात भरायचे?

आयोगाने तेच केले. फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर सूचना काढून ‘केअर’ यादी बंद केली. तिच्या जागी काही निकष सुचवले आणि सांगितले, की नियतकालिक चांगले की वाईट हे ज्याच्या त्याच्या संस्थेने ठरवावे. म्हणजे 2017 साली ज्यांच्या शिफारशींमुळे यादी सडली होती, त्यांच्याच हातात किल्ल्या परत दिल्या! वरवर पाहता आयोगाचा युक्तिवाद चुकीचा नाही. दिल्लीत बसून साऱ्या देशाच्या नियतकालिकांचा न्याय होणार नाही, विद्वानांनीच विद्वानांना पारखावे, हे कोणाला अमान्य आहे? पण पारखायला वाचावे लागते. निवड समितीतले सदस्य सकाळी गाडीतून उतरतात, संध्याकाळी मानधनाच्या कागदावर सही करून निघतात. मधल्या वेळात चाळीस-पन्नास उमेदवार. फायलीत लावलेल्या निबंधांची पाने कोणी उलटत नाही, नुसती मोजतात. ही रीत जशीच्या तशी ठेवून ‘तुम्हीच ठरवा’ म्हणणे म्हणजे आयोगाने आपली जबाबदारी झटकून टाकणे होय.

आणि ज्या संस्थांनी स्वतःवर अंकुश ठेवावा असे आयोगाला वाटते, त्यांचे मूल्यांकन करणाऱ्या यंत्रणेची, म्हणजे नॅकची, अवस्था काय आहे? 2023 च्या मार्चमध्ये नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्षपद भूषण पटवर्धन यांनी सोडले. त्या वेळी त्यांनी श्रेणी देण्याच्या कामात गैरप्रकार होत असल्याचे सांगितले होते. ज्या माणसाने सडक्या नियतकालिकांचे मोजमाप केले, त्यालाच मूल्यांकनाच्या घरातून असे बोलून बाहेर पडावे लागले. दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी 2025 च्या पहिल्याच दिवशी, आंध्रातल्या एका शिक्षणसंस्थेला वरची श्रेणी देण्यासाठी लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षासह दहा जणांना अटक केली. त्याच महिन्यात ‘केअर’ यादी बंद झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण कुंपणाची ही अवस्था असताना शेतावरचा राखणदार काढून घेण्याचा निर्णय ज्यांनी केला, त्यांनी त्याचे उत्तर दिलेच पाहिजे.

उचलेगिरीचेही तसेच. 2018 च्या जुलैमध्ये आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत जुळणी माफ, चाळीसपर्यंत एक शिक्षा, साठपर्यंत दुसरी, साठच्या वर गेले तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. नियम वाईट नाहीत. पण ते टक्के शब्दांच्या जुळणीचे आहेत, विचारांच्या चोरीचे नाहीत. इंग्रजीतला लेख उचलून मराठीत उतरवला, की शब्दांची जुळणी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला तो सापडणे कठीण. ती चोरी वाचणाऱ्या माणसालाच सापडते. विद्यार्थ्याच्या निबंधावर मार्गदर्शकाचे नाव पहिले, विद्यार्थ्याचे दुसरे, आणि मार्गदर्शकाने त्यातली एक ओळही लिहिलेली नाही, ही चोरी तर कोणत्याच यंत्राला सापडत नाही. हे दिवसाढवळ्या चालते. गाईडच्या सहीवर पुढचे सगळे आयुष्य अडलेले असते, म्हणून विद्यार्थी गप्प बसतो. या गप्प बसण्यावर ज्यांची निबंधांची यादी वाढली, त्यांनी शिक्षक म्हणवून घेऊ नये.

खरे संशोधन काय असते, हे या मातीला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. 1885 साली नीरा डावा कालवा सुरू झाला, ऊस आला, पैसा आला, आणि काही वर्षांत जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. तेव्हा पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास केला आणि 1910 साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने तो पुस्तिकारूपाने छापला. पाण्याचा निचरा आणि क्षार यांची गोष्ट तेव्हापासून कागदावर आहे. 1932 साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. तिथून आलेली को 86032 आणि फुले 265 ही वाणे आमच्या शेतकऱ्याला नावाने नव्हे, आकड्याने ठाऊक आहेत. 265 चोपण जमिनीतही तग धरते, हे त्याने स्वतःच्या रानात पाहिले आहे. 2009 साली माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आली आणि खडकाळ मुरमाड माळावर ड्रॅगन फ्रूट कसे घ्यायचे यावर तिने काम उभे केले. यातला प्रत्येक आकडा कोणीतरी वर्षानुवर्षे उन्हात उभे राहून मोजला आहे. चुकला तर शेतकऱ्याचे पीक जाते, म्हणून तो खरा असावा लागतो.

आता विचार करा, खारवट जमिनीवर नाहीतर एखाद्या नव्या औषधावर कोणी घरबसल्या आकडे रचले, दोन हजार भरून छापले, आणि उद्या त्या छापील कागदाच्या जोरावर कृषी सेवा केंद्रातून ते औषध विकले गेले, तर बुडणार कोण? निबंध लिहिणारा नाही. त्याला त्याचे 2 गुण मिळालेले आहेत. बुडणार तो कन्हेरीतला शेतकरी. डॉक्टरकीत तर माणसाच्या जिवाचाच प्रश्न असतो. 2020 च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’सारख्या जगन्मान्य नियतकालिकात हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर एक निबंध आला. ज्या रुग्णांच्या माहितीवर तो उभा होता ती माहिती कोणालाही तपासायला मिळेना, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तो मागे घ्यावा लागला. तेवढ्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचण्यांतला त्या औषधाचा भाग थांबवला होता. लॅन्सेटही चुकते. पण तिथे जगभरच्या डॉक्टरांनी निबंध वाचला, आठवड्याभरात शंका विचारल्या आणि दोन आठवड्यांत तो खाली आला. आमच्याकडच्या विशेषांकांतले निबंध मागे घेतले जात नाहीत, याचे कारण ते निर्दोष असतात हे नाही. ते कोणी वाचतच नाही, हे आहे.

मराठीत विद्वत्तेची नियतकालिके कशी चालतात, हेही या राज्याने पाहिलेले आहे. राजवाड्यांनी 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी महाभारताची चिकित्सित आवृत्ती पुरी केली. 1919 साली धरलेले काम 1966 साली संपले. एकेका श्लोकाचे पाठ अनेक हस्तलिखितांतून पडताळले. वाईच्या ‘नवभारत’ने, मराठी अभ्यास परिषदेच्या ‘भाषा आणि जीवन’ने, मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या ‘अर्थसंवाद’ने वर्गणीच्या तुटपुंज्या पैशावर अंक काढले. तिथे संपादक लेख परत पाठवी, खुलासा मागे, आणि लेखक त्याचा राग मानत नसे. आज त्याच भाषेत, त्याच विषयांवर, पैसे भरून छापलेला पाच पानी मजकूर आणि ‘नवभारत’मधला वर्षभराच्या अभ्यासाचा लेख गुणांच्या तक्त्यात सारखाच मोजला जाऊ शकतो. चांगले नियतकालिक मारण्याचा यापेक्षा खात्रीचा उपाय नाही.

सरकारकडे पैसा नाही, ही सबबही चालणार नाही. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेखाली 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना वाचायला मिळावीत म्हणून केंद्राने तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये मंजूर केले. वाचायला मिळणे चांगलेच, आम्ही त्याचे स्वागत करतो. पण 6,000 कोटी मुख्यतः परदेशी प्रकाशकांना देणाऱ्या सरकारने मराठी, हिंदी, कन्नड, तमीळ नियतकालिकांचे निबंध तपासणाऱ्या जाणकारांसाठी काय ठेवले? त्याच पैशाचा लहानसा भाग इथल्या शंभर प्रामाणिक नियतकालिकांना मिळाला असता, तर तासिका तत्त्वावरच्या पोराला पैसे न भरता निबंध छापायला जागा झाली असती.

आम्हाला कोणी म्हणेल, तरुण शिक्षकही दोषी आहेत, त्यांनी पैसे भरले. भरले, आणि ते चूकच आहे. पण दोषाची प्रतवारी केलीच पाहिजे. ज्याच्या पोटावर पाय आहे तो शेवटचा दोषी. पहिला दोषी तो आयोग, ज्याने वाचण्याच्या जागी मोजणे आणले. दुसरे दोषी त्या विद्यापीठांचे धुरीण, ज्यांनी कचऱ्याची शिफारस केली. तिसरे ते प्राचार्य आणि संस्थाचालक, जे शिक्षकांना ‘यंदा दोन पेपर झालेच पाहिजेत’ म्हणून दटावतात आणि कुठे छापले ते विचारत नाहीत. नोव्हेंबर 2022 च्या नियमांत आयोगाने पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी निबंध छापण्याची सक्ती काढली. सक्तीतून कचराच जन्मतो, ही त्याचीच कबुली नव्हे का? मग तेच शहाणपण नेमणुकीच्या आणि बढतीच्या दारात का आले नाही?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे आमची रोखठोक मागणी आहे. मान्यता दिलेल्या प्रत्येक शिक्षकाचा, प्राचार्याचा, मार्गदर्शकाचा ज्या ज्या निबंधावर गुण मोजले गेले तो निबंध पूर्णच्या पूर्ण विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवा. विद्यार्थ्याला वाचू द्या, कन्हेरीच्या सरपंचाला वाचू द्या. प्रकाशनासाठी पैसे भरले असतील तर किती भरले आणि कोणाला, ते निबंधाखाली छापा. 2018 साली काढून टाकलेल्या त्या नियतकालिकांत छापलेल्या निबंधांवर ज्यांना बढत्या मिळाल्या, त्यांचे निबंध बाहेरच्या तज्ज्ञांकडून आज वाचून घ्या आणि जे टिकणार नाहीत त्यांच्या बढत्यांचा फेरविचार करा. निवड समितीने उमेदवाराचा एकच निबंध, त्याने स्वतः निवडलेला, आधी वाचून यावा आणि त्यावर अर्धा तास त्याला प्रश्न विचारावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही, निधी लागत नाही. वाचण्याची तयारी लागते. ज्या सदस्याची ती तयारी नाही त्याने समितीवर येऊ नये.

आणि कन्हेरीकरांनो, तुमच्याकडे एक हक्क आहे जो फार थोड्या गावांकडे आहे. या तालुक्यातल्या बड्या पुढाऱ्यांच्या निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ तुमच्या मारुतीपुढे फुटतो. राज्याच्या उच्च शिक्षणाचे निर्णय करणारी माणसे तुमच्या देवळाच्या पायरीवर येतात. पुढच्या वेळी ती आली, की ऊसदराबरोबर आणि पाण्याच्या पाळीबरोबर हेही विचारा: आमच्या पोराला शिकवणाऱ्या मास्तराची नेमणूक त्याचे काम वाचून झाली की पावत्या मोजून? उत्तर लेखी मागा.